बसखालून ऐकलेलं

इंजीनखालच्या ऑइल-चेंबरचा नट काही केल्या हलेना, आणि धाकटी त्याच्यावर मनापासून चिडली होती.

बसखाली ती उताणी पडली होती. पाठीखाली फाटक्या सीटचं रेक्झिन, डोक्याखाली गुंडाळलेलं पोतं, केस बांधायला वडिलांचा जुना रुमाल. मागच्या चाकांना तिने दोन्हीकडून ओंडके लावले होते. इंजीन थोडा वेळ चालवून बंद केलं होतं, कारण गरम ऑइल धावत बाहेर येतं, गार ऑइल चिकट पाहुण्यासारखं जागचं हलत नाही. सगळं रीतसर केलं होतं. पण मागच्या खेपेला गाडी गॅरेजला दिली होती, आणि तिथल्या मिस्त्रीने हा नट असा आवळला होता की जणू त्याच्यामागे कुणाला कायमचं कोंडून ठेवायचं होतं.

तो मिस्त्री तिला आठवला तसा तिला दुप्पट राग आला. ती ऑइलबद्दल विचारत होती आणि तो तिच्या खांद्यावरून मागे बघत होता, कुणी पुरुष माणूस येतोय का म्हणून. शेवटी म्हणाला, "मालकांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो." मालक म्हणजे तीच होती. तेव्हाच तिने कानाला खडा लावला. वीतभर पाना फिरवण्यासाठी यापुढे कुणाची दाढी धरायची नाही.

बस वडिलांची. ते होते तोवर तेच चालवत. दादा शिकला, कचेरीत चिकटला, लिफ्टच्या इमारतीत घर घेऊन बायकोसह तिकडे राहायला गेला. धाकटीचं लग्न मोडलं आणि ती परत आली, तेव्हा लोक आता हिचं कसं व्हायचं म्हणून सुस्कारे टाकत होते. वडिलांनी सुस्कारा टाकला नाही. तिला शेजारी बसवलं आणि गिअर टाकायला शिकवला. ते गेल्यावर तिने स्टिअरिंग हातात घेतलं, ते आजतागायत. पहाटे शिवणकारखान्यातल्या बायकांना न्यायचं, संध्याकाळी आणून सोडायचं. बस कागदोपत्री तिघांची होती, आईची, दादाची आणि तिची. पण पंक्चर झालं की ती तिच्या एकटीची होत असे.

आज कारखान्याला सुट्टी होती, म्हणून तिने हे काम काढलं होतं.

पान्याच्या दांड्यात तिने लोखंडी पाइप घातला, टाच चाकाला टेकवली आणि दात-ओठ खाऊन ओढलं. नट कडकन बोलला. मग तो बोटांनी सुटू लागला. शेवटचा आटा सुटताच काळं, ऊन ऑइल तिच्या मनगटावरून खाली घमेल्यात धो-धो पडायला लागलं. तिने हात मागे घेतला. नट मुठीत होता. अख्ख्या सकाळीत पहिल्यांदाच तिला बरं वाटलं.

तेवढ्यात तिला पाय दिसले.

पहिले दादाचे बूट, तपकिरी, आरसा करावा इतके चकचकीत. त्यांच्या शेजारी जाड तळाच्या चपला, अनोळखी. आणि दोन पावलं मागे आईच्या स्लिपर, अंगठा तुटलेला आणि दोऱ्याने शिवलेला.

"बॉडी जुनी आहे, ते मी लपवत नाही," दादा सांगत होता. "पण इंजीन ठणठणीत. आमच्या वडिलांच्या हातची गाडी आहे."

"आता चालवतं कोण?" चपलांनी विचारलं.

"धाकटी बहीण. नाइलाज म्हणून चालवते हो. कंटाळलीय ती. आता घरीच राहील. आईचं बघायला कुणीतरी हवंच ना."

"त्यांना विचारलंय? म्हणजे उगाच नंतर भानगड नको."

"तिचं माझ्याकडे लागलं. भोळी आहे. संध्याकाळी समजावतो, सही करून घेतो. काय गं आई?"

आईच्या स्लिपर जरा हलल्या.

"हं," आई म्हणाली.

दादाचं बोलणं धाकटीने ऐकून घेतलं असतं. दादा लहानपणापासून तसाच होता. दुसऱ्याच्या ताटातलं उचलताना तो त्या माणसाची भूक किती कमी आहे तेही पटवून द्यायचा. पण ते आईचं 'हं' तिच्या बरगडीत शिरलं. काल रात्री याच आईच्या पायांना तिने तेल चोळून दिलं होतं. तेव्हा ही बाई डोळे मिटून पडली होती आणि पोटात हे घेऊन झोपली होती.

ती बाहेर आली नाही. खपली ओढायला घेतली की पुरती निघेपर्यंत हात थांबत नाही, तसं तिला आणखी ऐकायचं होतं.

"इंजीनचा आवाज ऐकवा मग," चपला म्हणाल्या.

"हो, हो. किल्ली गाडीलाच असते तिची." बूट दाराकडे वळले.

आता मात्र गप्प राहून भागणार नव्हतं. ऑइल नसताना इंजीन फिरलं असतं तर वडिलांच्या हातच्या गाडीचा जागच्या जागी लोखंडी ठोकळा झाला असता.

"किल्लीला हात लावू नकोस, दादा," ती खालून म्हणाली.

तिन्ही जोड्या जागच्या जागी थिजल्या. ती कोपरांवर सरपटत बाहेर आली आणि उभी राहिली. कोपरापर्यंत काळी, गालावर एक ओघळ, कपाळावर रुमाल.

"तू खाली काय करतेयस?" दादाने विचारलं.

"भोळेपणा," ती म्हणाली.

तो पाहुणा हसू आवरायला म्हणून खोकला. पोक्त माणूस होता, चष्म्याची दोरी गळ्यात अडकवलेला. "मी नंतर येतो," तो म्हणाला. "तुमचं घरात बोलणं होऊ द्या."

"अहो, थांबा." दादाने त्याचा दंड धरला. हातातोंडाशी आलेलं गिऱ्हाईक त्याला सोडवेना. "घरातली बारीकसारीक गोष्ट आहे. ती ऑइल बदलतेय, तेवढंच. हा काय नवा कॅन इथेच आहे. आत्ता ओततो, आवाज ऐका आणि मग जा."

त्याने बाह्या सारल्या. काम त्याला येत नव्हतं असं नाही. लहानपणी वडिलांबरोबर बसखाली तोच जायचा, धाकटीला तेव्हा लांबून बघायची परवानगी होती. त्याने सराईतपणे कॅन उचलला, नरसाळं घेतलं, बसमध्ये चढला आणि ड्रायव्हरशेजारचं इंजीनचं झाकण उघडलं. खाली काय झालंय आणि काय व्हायचंय, हे मात्र त्याने विचारलं नाही.

धाकटीने मूठ आवळली. नट तळहाताला रुतला. त्या ऑइलसाठी ती काल दुकानापर्यंत चालत गेली होती, कॅनच्या कडीने बोटांवर वळ उठले होते. तिचं अर्धं मन म्हणत होतं, बोल. उरलेलं अर्धं म्हणालं, ओतू दे त्याला. ती गप्प उभी राहिली. आई तिच्या मुठीकडे बघत होती. पण 'हं' म्हणून झाल्यावर आता तिलाही बोलायला तोंड उरलं नव्हतं.

वर घळघळ आवाज येत राहिला. थोड्या वेळाने पाहुणा वाकला.

"अहो, खालून येतंय हो सगळं," तो म्हणाला.

घमेलं आधीच काठोकाठ भरलं होतं. त्यात नवं, सोनेरी ऑइल पडलं, काळ्यात मिसळलं, काठावरून सांडलं आणि उतारावरून आरामात बसच्या पायऱ्यांकडे निघालं. दादा घाईघाईने खाली उतरला तो थेट त्यातच. एक पाय सटकला, त्याने दाराचा दांडा पकडला, अर्धी गिरकी घेतली आणि सावरला. तपकिरी बुटांचा रंग कुठल्या कुठे गेला.

धाकटीने मूठ उघडली. "नट इथे आहे."

"अगं, मग सांगायचं नाहीस?"

"तू मला सांगितलं होतंस?"

पाहुण्याने चष्मा पुसून परत लावला. निघताना तो दादाशी नाही, तिच्याशी बोलला. "ताई, गाडी छान ठेवलीय तुम्ही. विकायचं ठरलं तर कळवा. नाही ठरलं तर कळवायचीही तसदी घेऊ नका."

तो फाटकाबाहेर गेला आणि दादाला कंठ फुटला. "चारचौघांत माझी शोभा केलीस. तुझ्याच भल्यासाठी धडपडत होतो मी."

"माझं भलं मी आत्ता उताणं पडून ऐकलंय."

"म्हातारपणी काय करणार आहेस? पन्नाशीतही असंच चिखलात लोळणार?"

"मी कुठं लोळायचं ते मी ठरवीन. तू या गाडीला शेवटचा हात कधी लावला होतास? बाबा गेल्यावर हिच्या समोरच्या काचेवर दगड बसला तेव्हा तुला फोन केला होता. तू म्हणालास, मीटिंगमध्ये आहे. ती मीटिंग अजून संपली नाही तुझी."

धाकटी आईकडे वळली. आई तोवर घराच्या पायरीवर जाऊन बसली होती.

"आणि तू? हं म्हणालीस."

"म्हणाले," आई म्हणाली.

"का?"

आईने पदर सारखा केला. मग जमिनीकडे बघत सांगितलं. मागच्या आठवड्यात धाकटी पहाटे गाडी घेऊन गेल्यावर ती न्हाणीघरात पडली होती. उठता येईना. हाका मारल्या, पण नळ चालू होता, कुणाला ऐकू गेलं नाही. ऊन खिडकीतून आत येऊन पार भिंतीवर चढलं तेव्हा कुठे कडीचा आधार घेऊन ती उठली.

"मला का नाही सांगितलंस?" धाकटीचा आवाज चिरकला.

"तुला सांगितलं असतं तर तू गाडी सोडून घरी बसली असतीस."

"म्हणून मला न सांगता गाडीच विकायला काढलीस? काय अक्कल म्हणायची ही?"

"तू आपणहून सोडली असतीस," आई शांतपणे म्हणाली, "तर जन्मभर मला ऐकवलं असतंस. त्याने विकली असती, तर त्याला ऐकवलं असतंस."

दादाची मान आईकडे वळली. मग दादा म्हणाला, "म्हणजे तू मला पुढे केलंस?"

"तुझी पाठ रुंद आहे," आई म्हणाली.

धाकटीला हसू आलं असतं, पण राग आधी येऊन बसला होता आणि उठायला तयार नव्हता. मघाशी तो नीट एका माणसावर होता, आता तो वाटून द्यायची वेळ आली. तिने रिकामा कॅन उचलून दादाच्या हातात दिला.

"जा. असाच भरलेला घेऊन ये."

"माझे बूट बघ जरा."

"बघितले. चालतात ते."

दादा काळे ठसे उमटवत गेला. धाकटीने सांडलेल्या ऑइलवर माती टाकली, फावड्याने खरवडली, पुन्हा टाकली. घमेलं जपून एका जुन्या पिंपात रिकामं केलं. जुना फिल्टर काढला, नव्याच्या रबरी कडेला बोटाने ऑइल लावलं आणि तो हाताने घट्ट बसवला. नटाला नवं तांब्याचं वॉशर घालून नट लावला, घट्ट पण माणसाने आवळावा इतकाच.

"खूप राग आलाय का?" आईने पायरीवरून विचारलं.

"हो."

"राहील का बरेच दिवस?"

"राहील."

आईने बाही वर सारली. कोपरावरचा डाग आता पिवळा पडला होता. म्हणजे तो निळा होता तेव्हा, हिरवा होता तेव्हा, धाकटी रोज रात्री तिच्यासमोर बसून जेवत होती. बाई घरात लांब बाह्या घालून का बसते, एवढंही तिने विचारलं नव्हतं. ती जवळ गेली, वाकून बघितलं. हात काळे होते, म्हणून लावला नाही.

"दुखतंय?"

"आता नाही."

"मग झाका," ती करवादली आणि चिंधीने उगाचच बोटं पुसत राहिली. भांडण ओसरायला लागलं की ती आईला अहो-जाहो करायची.

दादा कॅन घेऊन आला. या वेळी त्याने आधी वाकून नट बघितला आणि मगच तो चढला. त्याने नरसाळं धरलं, तिने ओतलं.

"उद्यापासून आई दिवसा तुझ्याकडे," ती म्हणाली. "जाताना तुझ्या दारात सोडीन, येताना उचलीन."

"घरात बायकोला विचारावं लागेल."

"विचार ना. आधी विचारावं, हेच तर मी सकाळपासून सांगतेय."

"मला कुणी विचारणार आहे का?" खालून आईचा आवाज आला. "त्याच्याकडचा चहा पातळ असतो."

"नाही," दोघंही एकदमच म्हणाले.

धाकटीने मोजायची पट्टी काढून ऑइल किती चढलं ते बघितलं, पुन्हा थोडं ओतलं, पुन्हा बघितलं. मग किल्ली फिरवली. समोरचा ऑइलचा लाल दिवा जरा रेंगाळला आणि विझला. ती खाली उतरली, बसखाली हात घालून नटाभोवती बोट फिरवलं. कोरडं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई शाल घेऊन बसमध्ये चढली. धाकटीने आपल्या मागची पहिली सीट पुसून ठेवली होती. आईने तिच्याकडे बघितलं नाही, सरळ शेवटच्या सीटवर जाऊन बसली. वाटेत शिवणकारखान्यातल्या बायका चढत गेल्या, म्हातारीला सरकवून तिच्याभोवती दाटीवाटीने बसल्या. मोठ्या वळणापर्यंत आईने आपली सगळी कैफियत त्यांना ऐकवली होती, कारण आरशात धाकटीला त्यांच्या हलणाऱ्या माना दिसत होत्या. मग आई काहीतरी बोलली आणि मागची अख्खी रांग खो-खो हसली.

काय बोलली ते इंजीनच्या आवाजात ऐकू आलं नाही. बहुतेक धाकटीबद्दलच असणार. तिने गरजेपेक्षा जरा जोरातच गिअर टाकला.

लिफ्टच्या इमारतीखाली दादा जांभया देत उभा होता. तिने ब्रेक मारला, दार उघडलं आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "हात धर तिचा. पायरी उंच आहे."