चालेल

घरी येणाऱ्या नर्सनं सोमवारी सकाळी बाबांना काट्यावर उभं केलं, वहीत वजन लिहिलं आणि वही मिटायचं सोडून तशीच मांडीवर धरून बसली. ती अशी बसली की काहीतरी वाईट बोलणार, हे लेकीला आता पाठ झालं होतं.

“ताई, शुक्रवारपर्यंत वाट बघू. त्यांना गिळता येतंय, तपासणीत स्पष्ट दिसलंय. आता येत असून गिळायचंच नाही म्हटल्यावर मी तरी काय करणार? शुक्रवारी माझ्यासमोर चार घास गेले तर ठीक. नाहीतर न्यावं लागेल. नाकातून नळी.”

“मागच्या खेपेला त्यांनी ती उपसून काढली होती.”

“माहितीये. म्हणून या खेपेला हात बांधतील,” नर्स म्हणाली, आणि हे बोलायला नको होतं असं वाटून तिनं काटा पुसायला घेतला.

हात बांधतील. लेक दिवसभर हेच दोन शब्द घेऊन हिंडली. ती एका मोठ्या लाँड्रीत मागच्या खोलीत कामाला होती. शाई, गंज, रक्त, तेल, कसलाही डाग काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून सगळे तिला डागवालीच म्हणत. त्या दिवशी डागवालीनं एका पांढऱ्या शर्टाचा खिसाच विरघळवला.

बाबा पुलापलीकडच्या धुरीघराचे वस्ताद होते. मांसाचे तुकडे मीठ लावून आकड्यांना टांगायचे, खाली लाकूड धुमसत ठेवायचं आणि त्या धुरात ते हळूहळू शिजवायचे, हे काम त्यांनी चाळीस वर्षं केलं. धूर नीट लागलाय की नाही हे ते कधी डोळ्यांनी बघत नसत. स्वतःच्या कोटाची बाही नाकाशी धरत. आणि त्या धुरीघरात एका शब्दाला बंदी होती. तो म्हणजे चालेल. कुणी नवखा “वस्ताद, एवढं चालेल ना?” असं म्हणाला की बाबा त्याच्या हातात मुकाट झाडू देत. “चालेल म्हणजे जमलेलं नाही, आणि ते कबूल करायची लाज वाटतेय,” असं त्यांचं म्हणणं. घरातही तोच कायदा. आई बिचारी जन्मभर ‘बरं’, ‘होईल’, ‘असू दे’ असल्या शब्दांवर संसार रेटत राहिली.

धुरीघर बंद पडलं, आई गेली, बाबा लेकीकडे चौथ्या मजल्यावर राहायला आले. लेकीनं पहिल्याच दिवशी काय केलं असेल, तर त्यांचा कोट धुतला. एकदा नाही, तीनदा. लहानपणी तिला शाळेत मुली ‘धुरी आली’ म्हणून नाक धरून चिडवायच्या, बाबा घरी आले की ती चार हात लांब उभी राहायची, आंघोळ झाल्याशिवाय त्यांच्या कुशीत जायची नाही. त्या सगळ्याचा सूड तिनं त्या कोटावर उगवला. वासाचा मागमूस ठेवला नाही आणि वर स्वतःवर खूश झाली. बाबांनी कोट हातात घेतला, बाही नाकाशी धरली, बराच वेळ धरली. मग कोट खुंटीला लावला आणि पुन्हा कधी अंगात घातला नाही.

दोन महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं एकेका शब्दावर आलं. डॉक्टर म्हणाले, जिभेनं चिरडेल इतकं मऊच द्यायचं. मग लेक सगळं कुस्करून, गाळून, पातळ करून देऊ लागली. बाबा चमच्याकडे बघायचे आणि ओठ मिटायचे. गेले अकरा दिवस नुसतं पाणी आणि अर्धा कप दूध.

मंगळवारी तिनं सुट्टी टाकली आणि भांड्यांच्या दुकानात जाऊन उभी राहिली. तिला दोन गोष्टी एकत्र हव्या होत्या. मांस धुराचं हवं, पण धुरावरचं मांस चिवट असतं, बाबांना चावता येणार नाही. मऊ करायचं तर प्रेशर हवं.

विक्रेत्यानं आधी तिला अंगणात ठेवायची लोखंडी धुरीपेटी दाखवली. “अंगण चौथ्या मजल्यावर कुठून आणू?” तिनं विचारलं. मग त्यानं कोपऱ्यातून एक विजेचं भांडं पुढे ओढलं. घट्ट बसणारं झाकण, पुढे बटणं, आत तळाशी लाकडाच्या ढलप्या ठेवायला एक छोटी वाटी.

“ताई, हा प्रेशर कुकरपण आहे आणि स्मोकरपण. आधी ढलप्यांचा धूर, मग त्याच झाकणाखाली प्रेशर. हा सगळं करतो बघा.”

“सगळं करणारी एक आमच्या घरी आहे. तीच आता टेकीला आलीय.”

तो हसला. ती हसली नाही. “मांस मऊ होईल? जिभेनं चिरडेल असं?”

“लोण्यासारखं.”

“आणि धुराचा वास?”

“येईल की. अगदी भट्टीसारखा नाही, पण चालेल.”

तो शब्द ऐकताच ती दाराकडे वळली. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. तिनं कुकर उचलला.

मंगळवारी दुपारी तिनं नुसतं प्रेशर करून पाहिलं, यंत्र समजावं म्हणून. मांस, पाणी, झाकण, बटण. आणि शिटी होण्याची वाट बघत बसली. जन्मभर तिनं शिट्या मोजून स्वयंपाक केला होता. हा मुका निघाला. शिटीच नव्हती त्याला. तासाभरानं तिनं घाबरून झाकण उघडलं तर आत मांसाचा चिखल. तिनं तोच वाटीत नेला. बाबांनी वाटीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

बुधवारी तिनं धुराला हात घातला. धुरीघराची तिच्या मनात एकच आठवण पक्की होती. भट्टीशेजारी कायम एक पाण्याची बादली असायची. म्हणजे लाकूड भिजवत असणार, तिनं ठरवलं. पुस्तिका वाचायची तसदी कोण घेणार? वस्तादांची लेक ना ती! तिनं ढलप्या पाण्यात रात्रभर भिजवल्या होत्या, त्या सकाळी वाटीत भरल्या, धुराचं बटण दाबलं. बराच वेळ काही होईना. वाफ सोडायची कळ फिरवून बघावी म्हणून तिनं हात लावला मात्र, आणि आत कोंडलेला सगळा धूर भसकन बाहेर आला. पांढरा, आंबट, डोळ्यांत मिरची गेल्यासारखा. दोन मिनिटांत स्वयंपाकघर दिसेना. ती खोकत खोकत बाबांच्या खोलीत धावली, त्यांना उचलून बाहेर काढायला.

बाबा पलंगावर उठून बसले होते. दोन महिन्यांत पहिल्यांदा, आपले आपण. मान ताठ, नाकपुड्या फुललेल्या, चेहरा रागानं लाल.

“ओलं!” ते म्हणाले. “लाकूड. ओलं!”

“बाबा, तुम्ही भिजवत नव्हता? ती बादली…”

“हात!” डावा हात त्यांनी बादलीत बुडवल्यासारखा खाली-वर केला. “हात धुवायला! गाढव!”

लेक दारातच खाली बसली आणि रडू लागली. बापानं गाढव म्हटल्याचा इतका आनंद कुणाला झाला नसेल.

पण आनंदानं पोट भरत नाही. गुरुवारी कोरड्या ढलप्या घातल्या. मांसाला आदल्या दिवशीच मीठ लावून ठेवलं होतं. आधी धूर, मग प्रेशर, घड्याळ लावून, वाफ आपोआप जिरू देऊन. घाईत तापलेली वाटी पकडली आणि तीन बोटं भाजली. तुकडा मऊ झाला होता, वरून तांबूस दिसत होता. तिनं एक बारीक घास बाबांपुढे धरला. बाबांनी आपणहून तोंड उघडलं. त्यांनी घास जिभेवर घोळवला, डोळे मिटले, टाळूला दाबला. आणि बशीत थुंकला.

तिनं दुसरा दिला. तोही थुंकला. तिसराही. प्रत्येक वेळी आधी घोळवला, मग थुंकला.

“बाबा, नका ना असं करू!” ती ओरडली. “उद्या येणार आहेत ते. हात बांधणार आहेत तुमचे, कळतंय का? मी नाही बघू शकणार ते. मला काय येतं म्हणून परीक्षा घेताय? मी कपडे धुते हो बाबा, मला कपडे धुता येतात फक्त!”

बाबांनी बशी हळूच तिच्याकडे सरकवली आणि म्हणाले, “मीठ.”

तिचे सगळे उपाय संपले होते. धुरीघरात बाबांच्या हाताखाली भट्टी सांभाळणाऱ्या काकांना तिनं फोन लावला. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “थुंकायच्या आधी घोळवलं का?”

“हो. डोळे मिटून.”

“अगं पोरी, मग ते काम करतायत!” काका जवळजवळ ओरडलेच. “वस्ताद चाखताना कधी गिळायचे नाहीत. दिवसाला साठ तुकडे चाखायचे, गिळले असते तर जगले असते का? थुंकायचे आणि एक शब्द बोलायचे. मीठ. धूर. आच. अगदीच वाया गेलं असेल तरच गप्प. आणि सगळं मनासारखं झालं की ‘बरोबर’ म्हणायचे, तो एक तुकडा गिळायचे, मग आम्ही सगळे जेवायला बसायचो. त्यांच्या आधी कुणी घास घेत नसे.”

“म्हणजे बरोबर जमल्याशिवाय…”

“नाही गिळणार. चाळीस वर्षांत चुकीचा तुकडा गिळला नाही त्यांनी.”

लेकीनं फोन ठेवला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. कालपर्यंत माणूस खायला तयार नव्हता, आता तयार होता, पण त्याच्या पसंतीला उतरायला चाळीस वर्षं हवी होती आणि हातात होती एक दुपार. तिनं मीठ कमी केलं. बाबा थुंकले. “धूर.” ढलप्या निम्म्या केल्या. थुंकले. “आच.” आच म्हणजे कमी की जास्त, हे विचारलं तर बाबांना सांगता येईना, तेही कावले. घरातलं मांस संपत आलं. तिची भाजलेली बोटं टरारून फुगली होती.

शुक्रवारी पहाटेच उठून तिनं शेवटचा तुकडा लावला. धूर लागला, प्रेशर चढलं, वाफ जिरली, तेवढ्यात दारावरची बेल वाजली. नर्स आत आली. तिच्यामागे स्ट्रेचर घेऊन दोघं जण जिन्यात थांबले होते.

“पाच मिनिटं,” लेक म्हणाली.

“ताई…”

“पाच मिनिटं द्या. पाया पडते तुमच्या.”

तिनं झाकण काढलं, आणि वासावरूनच तिला कळलं. ढलप्या जळून गेल्या होत्या. वाटीच्या तळाशी कोळसा. मीठही, आता आठवलं, तिनं झोपेत दोनदा लावलं होतं. हातात दुसरा तुकडा नव्हता. तिनं बारीक बारीक घास केले, बशी घेतली आणि बाबांच्या पलंगावर बसली. तिनं चमचा पुढे केला.

बाबांनी घास घेतला. घोळवला. डोळे मिटले. कपाळाला आठी पडली. लेकीनं थुंकायची बशी पुढे केली, कारण आता आणखी काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

बाबांनी बशीकडे पाहिलं. दारातल्या नर्सकडे पाहिलं. मग लेकीच्या फुगलेल्या बोटांकडे. त्यांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं, तिची बाही ओढून नाकाशी नेली आणि श्वास घेतला. चार दिवस ती त्याच कपड्यांत वावरत होती. त्यांनी बाही बराच वेळ नाकाशी धरून ठेवली. तोंडातला घास अजून तोंडातच होता.

“चालेल,” बाबा म्हणाले.

आणि गिळलं.

नर्सला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. तिनं घास मोजले. एक, दोन, चार, सहा. “छान की आजोबा! घ्या अजून,” असं म्हणाली, जिन्यातल्या दोघांना परत पाठवलं, वहीत लिहिलं आणि सोमवारी येते म्हणून गेली. लेक मात्र जागची हलली नाही. चमचा तिच्या हातात तसाच होता.

बशीत एक घास उरला होता. बाबांनी तो बोटानं तिच्याकडे सरकवला. वस्तादांनी गिळलं की बाकीच्यांनी जेवायचं. तिनं तोंडात टाकला. जळका, खारट, कडूजहर घास. घशाखाली उतरेना. असले सहा घास बाबांनी तिच्याकडे बघत गिळले होते.

“बाबा,” ती रडत म्हणाली, “हा बरोबर नाहीये.”

“नाही,” बाबा म्हणाले, आणि तिची बाही सोडली नाही.