पहाटे साडेपाचचं नवं वर्ष

मेंदी लोखंडी कढईत रात्रभर भिजवली की पांढऱ्या केसांवर भडक चढते.

*

थंडीच्या दिवसांत वसईत पहाटेचे साडेपाच होतात तेव्हा स्कॉटलंडमध्ये रात्रीचे बारा वाजतात.

*

"मुलगा सोन्यासारखा आहे हो. पण संध्याकाळी दिवा लावल्याशिवाय सापडायचा नाही."

*

बेसिलच्या बेकरीतला पाव फडक्यात गुंडाळून ठेवला तर दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो.

*

एका घरात नवी सून माप ओलांडून आली आणि आटलेल्या विहिरीला पाणी लागलं. याला पायगुण म्हणतात. दुसऱ्या घरात नवी सून आली आणि सासऱ्यांचा पाय मोडला. यालाही पायगुणच म्हणतात.

*

आता हे सगळं एका वाडीत आणून ठेवू.

वाडी आशालताबाईंची. पोफळी, केळी, पानवेली आणि मधोमध बैठं कौलारू घर. घराला पुढे लांबरुंद ओटा. साल १९९८, महिना डिसेंबर. वाडी सासऱ्यांकडून आलेली, म्हणजे कागदावर नवऱ्याची, काशिनाथांची. पण काशिनाथांना विचारलं तर तेही "हिची वाडी" असंच सांगत. सुट्टीच्या दिवशी मुंबईची माणसं सहलीला येत आणि आशालताबाई त्यांना जेवू घालत.

त्यांची मुलगी ऋतिका वसई रोडला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. आचोळ्याचा देवेंद्र तिथे नकाशे काढायचा कोर्स करायला आला. कोर्स सहा महिन्यांचा होता. त्यानं तो दोनदा केला.

देवेंद्र मुंबईत एका इंजिनिअरिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होता. उंच. आणि काळा. नातेवाईक 'सावळा' म्हणत, पण तो नातेवाईकांचा चांगुलपणा. त्याच्या घरचे लग्नाला तयार होते, ऋतिका तयार होती, काशिनाथ तर कशालाही तयार असत. अडलं होतं एकाच ठिकाणी.

"उद्या नात झाली तर तिच्यासाठी स्थळं कुठे शोधू मी?" आशालताबाई म्हणायच्या.

"आई, बाबा तरी कुठे गोरे आहेत?"

"माझ्या वेळी मला कोणी विचारलं होतं? म्हणून तर आता मी विचारतेय!"

काशिनाथ हे ऐकून पेपर उलटत.

तेव्हापासून देवेंद्र आला की त्याचा चहा ओट्यावर. उंबऱ्याच्या आत कधी कोणी बोलावलं नाही. तोही कधी गेला नाही.

*

मुंबईत नोकरीनिमित्त आलेल्या स्कॉटिश लोकांचं एक मंडळ होतं. महिन्यातून एकदा जमायचं, नाचाची तालीम करायची, गावाकडच्या बातम्या वाटायच्या, नव्यानं आलेल्याला चांगला डॉक्टर आणि ओट कुठे मिळतात ते सांगायचं. देवेंद्रच्या साहेबाची बायको मॉरग ही या मंडळाची सेक्रेटरी. पन्नाशीची, बुटकी, कामाला वाघ.

या मंडळींना नवं वर्ष इथल्या घड्याळानं नको होतं, तिकडच्या घड्याळानं हवं होतं. पहाटे साडेपाचला नाचगाणी करू देणारा हॉल मुंबईत एकही नव्हता. देवेंद्रनं वाडीचं नाव सुचवलं. पुढचं सगळं ऋतिका आणि मॉरगनं फोनवर ठरवलं: जेवण काय, झोपायचं कुठे, रीतीभाती काय. इतकं ठरवलं की शेवटी काशिनाथांनी फोनला कुलूप घातलं.

*

एकतीस तारखेच्या संध्याकाळी वाडीत, पोफळींच्या खाली:

"तू कुठला?"

"पर्थ."

"पर्थमध्ये कुठे? नदीच्या अलीकडे की पलीकडे?"

"आडनाव मॅकरे? म्हणजे ईनाच्या सासरची का तुम्ही?"

"ईना आमची चुलत. पण आम्ही बोलत नाही."

ऋतिका आईला भाषांतर करून सांगत होती. आशालताबाई वाढता वाढता थांबल्या. "अगं, हे तर आपलंच ज्ञातीचं संमेलन! आधी गाव विचारायचं, मग आडनाव, मग कोण कोणाशी बोलत नाही."

"आमच्या गावच्या मुंबईकर मंडळातही हेच चालतं," ओट्याशी खुर्च्या मांडता मांडता देवेंद्र म्हणाला. "फक्त आमच्यात शेवटी हिशेबावरून भांडतात."

"यांच्यातही भांडतात," ऋतिका म्हणाली. "मॉरगनं सांगितलंय."

मग नाच झाला. चार जोड्यांचा नाच, एक बाई कमी पडली, मॉरगनं आशालताबाईंचाच हात धरला. आशालताबाई आधी "अहो, नको" म्हणाल्या आणि दुसऱ्या फेरीत इतरांना वळायचं कुठे ते दाखवू लागल्या. लोक त्यांच्या केसांकडे बघत होते. त्या दिवशी मेंदी चांगलीच चढली होती. कौतुक वाटत असेल म्हणून त्यांनी पदर जरा मागे सारला.

जेवताना मॉरगनं त्यांना नव्या वर्षाची मुख्य रीत सांगितली. बाराचे टोले पडले की बाहेरून उंबरा ओलांडून घरात जो पहिला येईल, त्याच्यावर सगळं वर्ष अवलंबून. त्यानं हातात कोळसा, मीठ आणि पाव घेऊन यायचं; म्हणजे ऊब, चव आणि अन्न. खिशात बाटली असली तर उत्तम.

पाहुण्यांच्या ड्रायव्हरांना या रीतीचं हसू येत होतं. आशालताबाईंना आलं नाही. त्यांचे डोळे चमकले. "पायगुण! म्हणजे तुमच्यातही आहे?"

"माणूस मात्र उंच आणि काळा हवा," ऋतिकानं पुढचं भाषांतर केलं. "पूर्वी त्यांच्याकडे समुद्रातून गोरे, पिवळ्या केसांचे लुटारू यायचे. दारात तसा माणूस म्हणजे संकट."

"आमच्याकडेही समुद्रातून गोरेच आले होते," किल्ल्याच्या दिशेला हात करत काशिनाथ म्हणाले.

आशालताबाईंनी एकदा ओट्याकडे पाहिलं. मग पुन्हा ताटाकडे.

मॉरग आणखीही एक अट सांगत होती. पण ऋतिका तेवढ्यात चटणी आणायला उठली.

यंदाचा माणूस ठरलेला होता: अॅलिस्टर, मंडळातला एकमेव काळ्या केसांचा उंच माणूस. त्यानं सुकेळी खाल्ली, ताडी प्यायली, पुन्हा सुकेळी खाल्ली, आणि "ही केळी कोणी वाळवली त्याला मी नमस्कार करतो" असं प्रत्येक पोफळीला सांगितलं.

*

पहाट. सगळे घरात दाटीवाटीनं बसलेले. टेबलावर रेडिओ. अॅलिस्टर कोळसा, मीठ आणि पाव घेऊन वेळेआधीच बाहेर गेलेला. देवेंद्र ओट्यावर कंदील पुसत. आशालताबाई मागच्या अंगणातल्या चुलीवर चहा करत, कारण ऋतिका म्हणाली होती, "आई, पाहुण्यांना तुझ्या हातचाच चहा हवा. तूच पुढून घेऊन ये, शोभेल."

रेडिओत टोले पडले. आत आरोळ्या झाल्या, मिठ्या झाल्या. मग सगळे दाराकडे बघत बसले.

दारात पावलं वाजली. कंदिलाच्या उजेडात आधी चहाचा ट्रे दिसला, मग पैठणीचा काठ, मग शेंदरी लाल केस.

तीस माणसं एकदम ओरडली.

आशालताबाईंचा उचललेला पाय उंबऱ्यावरच राहिला. "काय झालं? विंचू?"

"आई, पाऊल मागे घे!"

"अगं, पण काय?"

"तुझे केस लाल आहेत. लाल केसांची बाई पहिली आत आली तर त्यांचं अख्खं वर्ष बुडतं. याच्याइतकं वाईट काहीच नाही म्हणतात."

"ही मेंदी आहे!"

"त्यांना लाल दिसतंय."

मॉरग हात जोडून उभी होती. ती कळवळून सांगत होती की तिची स्वतःची बहीण लाल केसांची आहे, फार गुणी आहे, पण तीसुद्धा एक जानेवारीला दुपारपर्यंत कोणाकडे जात नाही.

आशालताबाईंनी पाय मागे घेतला आणि मग त्यांचा आवाज चढला. "घर माझं! उंबरा माझा! चहासुद्धा माझा! आणि मला बाहेर उभं करतात? माणूस कसा आहे ते बघायचं की रंग बघायचा?"

काशिनाथ खोकले. त्यांना खोकला नव्हता.

  आपलंच वाक्य परत आलेलं आशालताबाईंना ऐकू आलं असावं. ओट्यावर आता दोघंच होते.

"द्या काकू, ट्रे जड आहे," देवेंद्र म्हणाला. त्यानं तो खाली ठेवला, एक कप त्यांच्या हातात दिला. "बसा. ओट्यावरचा चहा काही वाईट नसतो. मी वर्षभर पितोय."

आशालताबाईंनी त्याच्याकडे रागानं बघायचं ठरवलं होतं, पण मधेच हसू फुटलं आणि चहा पैठणीवर सांडला.

"आणि तो कुठेय तुमचा काळा?" त्या आत बघून ओरडल्या.

अॅलिस्टर बाजेवर होता. केळीच्या बनात, पाव उशाखाली घेऊन, घोरत. देवेंद्रनं हलवलं, पाणी मारलं. अॅलिस्टरनं झोपेतच कोणाला तरी नमस्कार केला.

आत घालमेल सुरू झाली. जो बाहेर जाऊन परत येईल तोच पहिला ठरणार, म्हणून कोणी हलेना. आणि संडास वाडीच्या मागच्या बाजूला होता. दोन पुरुषांना फार घाई होती.

मॉरगनं दारातून देवेंद्रला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू येशील?"

"मी काळा म्हणून?"

"काळा, उंच आणि देखणा. तिसऱ्या अटीवर आम्ही दरवर्षी तडजोड करतो. यंदा लागणार नाही."

देवेंद्र हसला. "काळा म्हणून नापास खूपदा झालोय. पास पहिल्यांदाच." मग तो गंभीर झाला. "पण घर काकूंचं आहे. त्या आत ये म्हणाल्या तर येतो. नाही तर नाही."

ऋतिकानं याचं भाषांतर केलं नाही. तरी आतल्या सगळ्यांना कळलं. घाईचे दोघे आशालताबाईंकडे फारच आशेनं बघत होते.

आशालताबाईंनी कप खाली ठेवला. अॅलिस्टरच्या उशाखालचा पाव काढला, कोळसा आणि मिठाची पुडी त्याच्या खिशातून घेतली, आणि सगळं देवेंद्रच्या हातांत दिलं. पावाचा एक तुकडा मात्र मोडून ठेवला. दारात उभं करून तो त्याच्यावरून तीनदा ओवाळला आणि अंगणात लांब फेकला. नव्या जोडप्यावरून भाकरतुकडा ओवाळतात तसा.

"ये," त्या म्हणाल्या. "आणि उजवं पाऊल आधी. त्यांच्यात काय असेल ते असो, माझ्या घरात उजवं."

देवेंद्र आत आला. दार ठेंगणं होतं, त्याला वाकावं लागलं. जल्लोष झाला. घाईचे दोघे त्याच्या बगलेतून बाहेर धावले.

"लाल केसांची दुसरी आली तर चालतं का?" बाहेरून आशालताबाईंनी विचारलं.

चालत होतं. मग सगळ्यांनी हात आडवे गुंफून गाणं म्हटलं. आशालताबाईंच्या एका हातात मॉरगचा हात होता, दुसऱ्यात देवेंद्रचा. फाटकाशी बेसिलच्या सायकलचा भोंगा वाजला.

उजाडल्यावर कपबश्या धुताना ऋतिका म्हणाली, "गोऱ्यांनी पास केला म्हणून तू हो म्हणतेयस का?"

"गोऱ्यांचं काय घेऊन बसलीस. ओट्यावरून घर कसं दिसतं ते पाहिलं म्हणून." मग त्यांनी अंगणात खुर्च्या आवरणाऱ्या देवेंद्रला हाक मारली. "अरे, रविवारी आईबाबांना घेऊन ये."

"येतो काकू. चहा?"

"आत."

*

तीस तारखेच्या रात्री लोखंडी कढईत मेंदी ऋतिकानं भिजवली होती.