एकसष्ट किलो आणि एक बरणी

बुधवारपासून गडहिंग्लजचा रस्ता लांबत चालला होता, आणि तोही फक्त सुकुमार मगदूमसाठी. बाकी कुणाला काही त्रास नव्हता. एसटी वेळेवर जात होती, वेळेवर येत होती. दुधाचे टेम्पो, उसाच्या ट्रॉल्या, लग्नाची वऱ्हाडं, सगळी आपापल्या सत्तर किलोमीटरमध्ये सुखी होती. सुकुमार मात्र आपली लाल, दोन सीटांची गाडी घेऊन कोल्हापुरातून निघाला आणि निपाणी मागं टाकल्यावर बघतो तर मैलाच्या दगडावर लिहिलेलं, गडहिंग्लज ९१. दगड काही नवा नव्हता. त्याचा रंग उडाला होता आणि एक शेळी त्याला अंग घासत उभी होती.

गुरुवारी त्याच दगडावर १४८ होते. शुक्रवारी २६०. दुपारी दोनला सुकुमार परत फिरला. परतीचा रस्ता नेहमीएवढाच निघाला, हा आणखी एक चावटपणा. तासाभरात तो घरी पोचून ताक पीत बसला होता.

आता तुम्ही म्हणाल, रोज कशाला जायचं? तर ती रंगीत तालीम होती. खरा दिवस रविवार. रविवारी बाराच्या आत त्याला आक्काच्या दारात गाडी उभी करायची होती. आक्का म्हणजे त्रिशला, त्याची थोरली बहीण. अकरा वर्षं ती त्याच्याशी बोलली नव्हती, आणि सोमवारी तिचा आपणहून फोन आला.

"रविवारी मला न्यायला ये," ती म्हणाली. "आईची बरणी घेऊन येते. माझ्यातलं अर्धं तुला देते. बारापर्यंत वाट बघीन. नाही आलास तर बरणी उघडीन आणि गल्लीत वाटून टाकीन."

आईनं जाण्याआधी लिंबाच्या लोणच्याच्या दोन बरण्या भरल्या होत्या. एक लेकीला, एक लेकाला. लिंबाचं लोणचं जितकं जुनं तितकं काळं आणि तितकं गुणाचं, आजाऱ्याच्या तोंडाला चव आणणारं. ते जपून ठेवायचं असतं. सुकुमारच्या वाटणीची बरणी आक्का स्वतः मांडीवर घेऊन त्याच्या त्या वेळच्या गाडीत बसली होती. गडहिंग्लज सुटतं न सुटतं तोच एक खड्डा आला आणि बरणी फुटली. आणि हा शहाणा काय म्हणाला? "लोणच्याचं काय एवढं? बाजारात मिळतं की!" आक्का गाडीतून उतरली आणि चालत घरी गेली. त्यानंतर या बुधवारपर्यंत त्या रस्त्याला सुकुमार कधी फिरकला नव्हता.

धंद्यानं तो फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करणारा. पाव मिलिमीटर कमीजास्त झालं तर नुसतं बोट फिरवून सांगायचा. आपण काय बोलून बसलो ते कळायला मात्र त्याला बरीच वर्षं लागली.

शुक्रवारी संध्याकाळी त्यानं घाबरून आक्काला फोन लावला. "आक्का, रस्ता लांबलाय गं," तो म्हणाला. पलीकडून नुसता वारा ऐकू येत होता. त्यानं फोन ठेवला, जेवला, झोपला. तिचं उत्तर त्या लांबलेल्या वाटेनं येत शनिवारी सकाळी पोचलं, तो दात घासत असताना.

"मग गाडी बघ की," आक्का म्हणाली.

म्हणून शनिवारी तो उद्यमनगरात शकिलाभाभीच्या गॅरेजला गेला. नवऱ्यामागं गॅरेज चालवणारी ही बाई. चष्मा दोरीनं गळ्यात, हाताला ग्रीस. गाडीच्या बाबतीत शहरात तिचा शब्द शेवटचा. गल्लीच्या तोंडापासून गॅरेजपर्यंत गाडीनं जायला त्या दिवशी सुकुमारला चाळीस मिनिटं लागली. एरवी दोन लागतात. भाभीनं गाडी आत घेतली, खाली वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अण्णा, ह्या रेसच्या स्प्रिंगा कुणी घातल्या?"

"मित्र म्हणाले, एकदम कडक पाहिजे. गाडी जमिनीला चिकटून पळते म्हणाले."

"ट्रॅकवर किती वेळा पळवता?"

"वर्षातनं एकदा."

भाभीनं गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडं बघितलं.

"एकदाच गेलो होतो," सुकुमार म्हणाला. "ते पण दुसऱ्यांच्या गाड्या बघायला."

"म्हणजे गाडी सदानकदा रस्त्यावर. आणि खाली सगळं ट्रॅकचं." तिनं चाकावर दोन्ही हात टेकून जोर दिला. गाडी तसूभरही हलली नाही. "बघा. झटका बसला की ही तो स्वतःजवळ ठेवत नाही, तसाच्या तसा रस्त्याला परत देते. रस्ता बिचारा कुठं ठेवणार? तो पुढं नेऊन टाकतो. त्यानंच लांबलाय तो."

सुकुमारला हे लगेच पटलं. इतकं साधं आपल्याला कसं सुचलं नाही, याचं त्याला वाईट वाटलं.

भाभीनं बाकड्यावर तीन जोड्या मांडल्या. पहिली आत्ताच्यापेक्षाही कडक आणि बुटकी, निळ्या रंगाची, दिसायला लाखात एक. सुकुमारचा हात सवयीनं तिच्याकडंच गेला, आणि बाकडं लगेच वीतभर लांब झालं. त्यानं हात मागं घेतला. दुसरी अगदी मऊ, आरामशीर. "ही घातली तर वळणावर गाडी म्हशीगत लोळंल," भाभी म्हणाली. तिसरी मधली. स्प्रिंग जरा उंच, जरा नरम, आणि सोबत चांगला शॉकअप. त्याच्या डोक्यावर फिरवायचं एक बटण, बारा टिचक्यांचं.

"स्प्रिंग झटका घेते, शॉकअप तो जिरवतो," ती म्हणाली. "दोघांचं जमलं तर चाक रस्ता सोडत नाही, आणि चाकानं रस्ता सोडला नाही तरच गाडी पळते. उडणाऱ्या चाकाला काय चाटायचंय?"

"मग तिसरीच घाला."

"घालते. पण सेटिंग माणसं बसवून करावं लागतं. बाजूला कोण बसणार?"

"आक्का."

"वजन?"

बहिणीचं वजन त्याला ठाऊक नव्हतं. तिचे केस पिकले का, तेही ठाऊक नव्हतं.

दुपारपर्यंत स्प्रिंगा बसल्या. भाभीनं चार चाकांखाली चार वजनकाटे सरकवले आणि सुकुमारला स्टेअरिंगमागं बसवलं. डावीकडची सीट रिकामी. तिथं वाळूची पोती ठेवू का, असं त्यानं विचारलं.

"वाळू बरणी धरत नाही," भाभी म्हणाली. "आक्काबद्दल बोला. मी काटा बघते."

"बारीक होती," सुकुमार म्हणाला.

"काटा हलला नाही. बारीक नव्हती, अण्णा."

"नव्हती. चांगली धिप्पाड होती. शाळेत जाताना माझं दप्तर पण तीच धरायची."

"सहा किलो."

"आई गेली तेव्हा मी ओसरीवर बसून रडत होतो. ती आलेल्यागेलेल्यांना चहा देत होती. तिला रडायला कुणी वेळच दिला नाही."

"एकोणीस. बोला."

"त्या दिवशी रस्ता खराब होता."

"दोन किलो उतरले."

"खड्डा दिसलाच नाही मला."

"आणखी तीन उतरले. अण्णा, असं करत बसलात तर सीट हवेत जाईल."

खरोखरच डावीकडची बाजू थोडी वर उचलली गेली होती. त्यानं स्टेअरिंग घट्ट धरलं.

"खड्डा दिसला होता," तो म्हणाला. "आक्का म्हणत पण होती, हळू घे, हळू घे. नवी गाडी होती. मला ऐट दाखवायची होती."

"तेहतीस."

"बरणी फुटली तेव्हा तिच्या हाताला लागलं. रक्त आलं होतं. मी सीटवरचा डाग बघत होतो. आणि मग ते बोललो, बाजारात मिळतं म्हणून."

"सेहेचाळीस."

"ती चालायला लागली. मी काच खाली करून बाजूनं गाडी चालवत होतो. आक्का बस, आक्का बस, म्हणत होतो. मग मला राग आला आणि मी निघून गेलो. तिला भर उन्हात सोडून निघून गेलो मी."

"अठ्ठावन."

भाभीनं चष्मा काढून पुसला आणि परत घातला. तिला घाई नव्हती.

"रोज आठवण येते तिची," तो म्हणाला.

"एकसष्ट," भाभी म्हणाली. "थांबला काटा."

डावीकडच्या सीटचा फोम मधोमध दबला होता. गाडी त्या अंगाला दोन बोटं कलली होती. भाभीनं बरणीचे साडेतीन किलो वर धरले, पाना लावून डावीकडच्या स्प्रिंगची चकती फिरवत नेली आणि गाडी पाण्याच्या पातळीला आणली. मग चारही शॉकअपची बटणं सातव्या टिचकीवर ठेवली. शेवटी तिनं स्टीलचा पेला काठोकाठ दुधानं भरून डॅशबोर्डवर ठेवला.

"सांडू द्यायचं नाही. आणि तिथं पोचायच्या घाईत मधला रस्ता विसरायचा नाही. या आता."

रविवारी सात वाजता तो निघाला. कागलच्या पुढं पहिलाच दगड दिसला, गडहिंग्लज ३४०. सुकुमारला रडूच कोसळायचं बाकी होतं. पाच तास, आणि वाटेत गतिरोधक किती, देव जाणे. पण परत फिरायचं नाही असं त्यानं अंघोळ करतानाच ठरवलं होतं.

पहिला गतिरोधक आला. त्यानं गाडी हळू केली, पुढची चाकं चढू दिली, उतरू दिली, मग मागची. दणका बसलाच नाही. गाडी नुसती मान डोलवल्यासारखी झाली आणि खालून रस्त्यानं सोडलेला श्वास ऐकू आला. पुढच्या दगडावर ३०२ होते.

"आयला!" सुकुमार म्हणाला.

मग त्याला त्याचा नादच लागला. प्रत्येक खड्डा तो पाहुण्याला घरात घ्यावं तसा घेऊ लागला. २६१. २१५. वळणावर गाडी जराही लोळत नव्हती, स्टेअरिंग बोटांवर खेळत होतं. कडक स्प्रिंगांवर दोन वर्षांत मिळाली नव्हती तेवढी मजा त्याला त्या सकाळी आली. निपाणीत १४०. संकेश्वरात ९०. दूध काठाला टेकून होतं, पण बाहेर आलं नव्हतं.

सव्वाअकराला दगडावर ६२ आले आणि माणसाची जात, त्याला घाई सुटली. समोर पूल होता. पुलाच्या जोडावर त्यानं गाडी तशीच दामटली. धाड! दुधाचा एक थेंब काठावरून ओघळला. पुढच्या दगडावर ८५.

त्यानं गाडी कडेला घेतली आणि खाली उतरला. रस्त्यावर कुणी नव्हतं. तरी तो वाकला आणि डांबराला हात लावून म्हणाला, "चुकलं. माझंच चुकलं." अकरा वर्षांत हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघत होते, त्यामुळं ते जरा वाकडेतिकडे आले. मग त्यानं आक्काला सांगावं म्हणून फोन काढला. नंबर लावायच्या आधीच तिचा आवाज आला.

"कुठं आहेस?"

"येतोय, आक्का."

"सावकाश ये. पण ये."

पुढचा दगड ४० चा होता. त्याच्या पुढचा ९ चा.

बाराला पाच कमी असताना लाल गाडी गल्लीत शिरली. आक्का पायरीवर बसली होती, मांडीवर फडकं बांधलेली बरणी आणि हातात पळी. गल्लीतल्या सात-आठ बायका वाट्या घेऊन आजूबाजूला उभ्या होत्या. सुकुमारला बघून त्यांची तोंडं उतरली आणि त्या एकेक करून घरात गेल्या.

आक्काचे केस पांढरे झाले होते. सगळेच्या सगळे.

"आलास?" ती म्हणाली.

"आलो."

"लाल कशाला घेतलीस?"

"आवडली."

"वाळलास." तिनं पळी पायरीवर ठेवली, दाराला कुलूप लावलं आणि येऊन डावीकडं बसली. धिप्पाड बाई, वर बरणी, पण गाडी केसभरही खाली गेली नाही. सीटच्या दबलेल्या जागेत ती बरोबर मावली. सुकुमारला इतका आनंद झाला की चावी लावायला त्याला दोनदा हात न्यावा लागला.

गाव सुटलं आणि तो खड्डा आला. येताना तो लागला नव्हता. अकरा वर्षांत तो चांगलाच वाढला होता. एका शेतापासून दुसऱ्या शेतापर्यंत अख्खा रस्ता त्यानं व्यापला होता, आणि त्याचा तळ दिसत नव्हता. बाजूनं काढायला जागा नव्हती. सुकुमारनं गाडी काठावर उभी केली.

"हाच तो," आक्का म्हणाली.

"हाच," सुकुमार म्हणाला. "आक्का, त्या दिवशी मला दिसला होता."

"मला माहीत आहे."

खड्ड्याच्या पलीकडं, लांबवर, एक एसटी कोल्हापूरच्या दिशेनं चालली होती.

"आता नीट घे," आक्का म्हणाली.

सुकुमारनं ब्रेकवरचा पाय हळूच उचलला. पुढचं डावं चाक काठावरून खाली उतरलं आणि उतरतच राहिलं. स्प्रिंग उलगडत गेली, तिला शेवट नव्हता, आणि चाकानं रस्ता सोडला नाही. आक्कानं बरणीवरचे दोन्ही हात काढले आणि फडक्याची गाठ सोडायला घेतली. गाडीत लिंबाचा वास पसरला. चाक अजून उतरत होतं, आणि पेल्यातलं दूध हललं नव्हतं.