तराजूत ओतलेला टाइप

मित्रांनो, साल होते एकोणीसशे एकसष्ट. त्या वर्षी मी एका लहानशा छापखान्यात आलो. मी एक जुना, शिशाचा, वळणदार टाइप आहे. एकाच घडणीच्या अक्षरांचे अख्खे कुटुंबच म्हणा ना. माझ्या अक्षरांना लांब, नाजूक शेपट्या होत्या. त्या शेजारच्या अक्षराच्या अंगावर रेलत, म्हणून छापलेले हाताने लिहिल्यासारखे दिसे. लग्नपत्रिका, अत्तराच्या बाटल्यांवरची नावे अशी कामे माझी. जाहिराती जाडजूड टाइपांनी उरकाव्यात!

मला जुळवत असे तो मालकांचा मेहुणा. माझे एकेक अक्षर तो फुलासारखे उचली.

मालक मात्र संशयी. शिसे मोडीतही वजनावर विकले जाते, हे त्यांना पक्के ठाऊक. मेहुण्याने नवी सायकल घेतली आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. दर शनिवारी ते मला खणांतून काढून तराजूच्या पारड्यात ओतू लागले. मी खळखळत पडे, शेपट्या टिचत, तुकडे उडून जात. पुढच्या शनिवारी वजन कमी भरे. मग मालक मला आणखी तावातावाने ओतत.

ओतल्यानेच अक्षरे मोडतात, असे मेहुण्याने सांगून पाहिले. मालकांना त्या चोराच्या उलट्या बोंबा वाटल्या. मोडतात तर तुकडे कुठे आहेत, असे त्यांनी विचारले. हळूहळू मालकीणबाईही, म्हणजे त्याची सख्खी बहीण, त्याच्यावर नजर ठेवू लागली.

"ताई, माझा डबा का उघडलास?"

"मुंग्या लागल्यात का बघत होते."

"मुंग्या शिसं खातात का गं?"

तिने डब्याचे झाकण लावले. त्याने अंगावरचा शाईचा सदरा खुंटीला अडकवला आणि तो निघून गेला.

पुढे भिंतींना रंग द्यायचा म्हणून तराजूचे जड टेबल सरकवले. त्याच्या मागे, भिंतीच्या कडेला, माझ्या शेपट्यांचा चुरा साचला होता. मालकीणबाईने तो सुपलीत भरला, मला पारड्यात ठेवले आणि वर चुरा टाकला. काटा पहिल्या वजनावर येऊन थांबला. मालक खाली बघत राहिले. ती तशीच पदर सावरत भावाकडे गेली.

तो म्हणाला, "ताई, तुझ्या घरी जेवायला येईन. छापखान्यात पाऊल ठेवणार नाही."

शब्दाला तो जागला. पुढे दुकानांच्या पाट्या रंगवून त्याने नाव कमावले. मालकांनी दुसरा जुळारी ठेवला, पण वळणदार काम पुन्हा घेतले नाही. ते थकले तेव्हा छापखाना विकला गेला. मालकीणबाई शेवटपर्यंत भावाला आधी वाढत असे, मग नवऱ्याला. मी आता एका शाळेच्या कपाटात पडून आहे. माझ्यातली निम्मी अक्षरे लांडी आहेत.

मित्रांनो, कधी मला हातात घ्यावेसे वाटले तर जरूर घ्या. शंका आली तर तपासाही. फक्त एकेक अक्षर उचलून बघा, ओतू नका.