चिऊची मीटिंग चालू आहे

"हळू बोला हो, आत आमच्या चिऊची मीटिंग चालू आहे!"

दारात उभ्या असलेल्या समोरच्या काकूंना आई हे सांगत होती, तेव्हा आतल्या खोलीत चिऊ पलंगावर बसून दातओठ खात होती. मीटिंग कसली नि काय कसली! मांडीवर लॅपटॉप होता खरा, पण तो कधीचा बंद पडला होता. दाराच्या फटीतून कुणी डोकावलंच तर दिसावा म्हणून आईनेच तो तिथे ठेवला होता. चिऊच्या हातात उकडलेल्या बटाट्याची वाटी होती आणि चमच्याचा आवाज होऊ नये म्हणून ती श्वास रोखून खात होती.

"एवढं मोठं पद, तरी घरबसल्या काम करू देतात!" काकू म्हणाल्या. "नशीब लागतं हो."

"तर काय! हिच्यावाचून साहेबांचं पान हलत नाही."

चिऊने कपाळावर हात मारून घेतला. साहेब! ते तर दुकानाला कुलूप ठोकून कुठे गेले, हे कुणालाच माहीत नव्हतं.

वाचकहो, चिऊ म्हणजे कुणी लहान मूल नव्हे. चौतीस वर्षांची बाई. परक्या शहरात फर्निचरच्या मोठ्या दुकानाची व्यवस्थापक होती. बारा माणसं तिला 'मॅडम' म्हणायची. घरी मात्र ती चिऊच राहिली, तेव्हा आपणही तिला चिऊच म्हणू, तिला आवडो वा न आवडो.

गेलं वर्ष तिच्या मुळावरच आलं होतं. आधी दुकान बंद पडलं. मग जिच्याबरोबर ती भाड्याच्या घरात राहायची ती मैत्रीण दुसऱ्या गावी निघून गेली. नवी नोकरी शोधताना चपला झिजल्या, पण जो तो "कळवतो" म्हणायचा आणि कळवायचा मात्र कुणीच नाही. त्यातच कावीळ झाली. अंगात उठून पाणी घ्यायचं त्राण नव्हतं. तरी घरून फोन आला की ती उशीला टेकून बसायची, घसा खाकरायची आणि म्हणायची, "मस्त चाललंय! तुम्ही कसे आहात?"

आईबाबा फसले. फसली नाही ती बुलेट. बुलेट म्हणजे चिऊची बालमैत्रीण, शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणारी. तोंड सुरू झालं की थांबत नाही म्हणून लहानपणीच हे नाव पडलेलं. फोनवर तिने चिऊचे दोन शब्द ऐकले आणि विचारलं, "तुझा आवाज भिजलेल्या काडेपेटीसारखा का येतोय गं?"

"सर्दी आहे."

"बरं," एवढंच बुलेट म्हणाली. ती एवढंच बोलली, तिथेच चिऊने ओळखायला हवं होतं. शाळेला सुट्टी लागताच बुलेटने व्हॅनची मागची बाकं काढली, त्यात गादी टाकली, चिऊच्या वहिनीला शेजारी बसवलं आणि थेट दारात येऊन थडकली. वहिनीने चिऊचे पिवळेजर्द डोळे पाहिले, पण ती काही बोलली नाही. गुपचूप कपडे भरायला लागली. बोलायचं काम बुलेटने केलं. परतीच्या सबंध रस्त्यात केलं!

अशी चिऊ घरी आली. 'मुले आत आहेत, अंतर ठेवा' असं मागे लिहिलेल्या व्हॅनमध्ये आडवी पडून.

घर प्रेमाचं होतं, हे कबूल. पण प्रेमाचं घर म्हणजे काय तापाची गोष्ट असते, हे ज्याला कळतं त्यालाच कळतं! आई अर्ध्या अर्ध्या तासाने कपाळाला हात लावून बघायची. ताप नाही म्हटलं तरी लावायची. बाबा निवृत्त झाल्यापासून घरातली प्रत्येक वस्तू उघडून दुरुस्त करत. दुरुस्तीआधी ती वस्तू चालत असे. दादा बाहेरच्या खोलीत झोपायचा आणि असा घोरायचा की भिंतीपलीकडे चिऊच्या पाण्याच्या भांड्यावरची झाकणी वाजायची. आणि बुलेट रोज मुलांना शाळेत सोडून आली की पायरीवरूनच ओरडायची, "काय गं, जिवंत आहेस का?"

"एक दिवस मी या घरात वेडी होईन," चिऊ एकदा बुलेटला म्हणाली. "आपली खोली सोडून दादाला बाहेर घोरायची काय हौस? म्हणे तिकडे हवा छान येते!"

"हवा?" बुलेट हसायला लागली. "अगं, बाहेरचा पंखा तुझ्या बाबांनी दुरुस्त केलाय. तो फिरतच नाही. या खोलीला लागून बाथरूम आहे म्हणून दादावहिनीने आपली ही खोली तुला दिली. घामाने भिजतात बिचारे, पण तुझ्यासमोर हवेचं कौतुक करतात."

पण चिऊची चिडचिड काही गेली नाही. उलट वाढलीच. आपल्यासाठी कुणी घाम गाळतंय हे कळलं की माणूस आधी कृतज्ञ होत नाही, आधी ओशाळतो. आणि ओशाळलेला माणूस चिडतो!

सगळ्यात जास्त चीड मात्र त्या मीटिंगची यायची. चिऊ आली त्याच दिवशी शेजाऱ्यांनी विचारलं आणि आई गडबडीत बोलून गेली, "घरून काम करायची परवानगी मिळालीय." एक खोटं सांभाळायला दहा लागतात. मग 'बढती' आली, मग 'साहेबांचं पान' आलं. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ आपल्या भाच्याचा अर्ज घेऊन आले, दुकानात चिकटवा म्हणून. ज्या दुकानाला कुलूप, त्यात भाचा चिकटवायचा कसा?

"आई, बंद कर हे," चिऊ वैतागून म्हणायची.

"तू बरी हो, मग बघू," आई म्हणायची आणि पुन्हा कपाळाला हात लावायची.

या खोट्याचा खरा मार मात्र दुसरीकडेच बसत होता.

समोरच्या काकूंना एकच लेक. सव्वीस वर्षांची, एका वाहतूक कंपनीत हिशेब बघणारी. अबोल पोरगी. काकू शिवणयंत्रावर बसल्या की त्यांचा आवाज जिनाभर ऐकू यायचा. "समोरची चिऊ बघ! आजारपणातसुद्धा काम सोडत नाही. आणि तू? चार वर्षं झाली, आहे तिथेच! जरा हातपाय हलव!"

हे रोजचं होतं. चिऊ रोज ऐकायची आणि उशी कानावर घ्यायची.

एके दुपारी बुलेट आली ती पायरीवरून न ओरडताच. आत येऊन तिने दार लोटून घेतलं.

"तुमच्या समोरची ती पोरगी. ती कामाला जाते ना?"

"जाते की. सकाळीच डबा घेऊन निघते. का?"

"मुलांना सोडून मी बसस्थानकावरून येते. मागच्या बाकावर ती बसलेली असते, डबा मांडीवर घेऊन. आधी वाटलं, बसची वाट बघत असेल. पण रोज? आज गाडी थांबवली आणि जवळ गेले. मला बघून रडायलाच लागली. दोन महिन्यांपूर्वी कंपनीने माणसं कमी केली, त्यात हीही गेली. घरी सांगायची हिंमत नाही. दिवसभर तिथे बसते आणि संध्याकाळी घरी येते. आणि आज काय म्हणाली माहितेय? म्हणाली, एक दिवस समोर येईल त्या बसमध्ये बसेन आणि परत येणारच नाही."

चिऊ उशीवरून उठून बसली.

"मी म्हटलं, आईला सांग," बुलेट पुढे म्हणाली. "तर म्हणते, आई मला समोरच्या ताईंचं उदाहरण देईल."

वहिनी नुकतीच कामावरून आली होती. ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत नमुने घ्यायचं काम करायची. दारात उभी राहून तिने सगळं ऐकलं होतं.

"ऐकलंस?" चिऊ उसळून म्हणाली. "आईच्या खोट्यापायी त्या पोरीचा जीव टांगणीला लागलाय! मी शंभर वेळा सांगितलं होतं, हे नाटक बंद करा म्हणून!"

वहिनी शांतपणे खुर्ची ओढून बसली. "आईंच्या खोट्यापायी?"

"मग काय माझ्या?"

"हो, तुझ्या," वहिनी म्हणाली. "राग आला तरी चालेल, पण ऐक. माझ्यासमोर रोज माणसं बाही वर करून बसतात. प्रत्येक जण म्हणतो, तसं काही नाही हो, सहज तपासतोय. आणि सुई टोचायच्या आधीच घामाघूम झालेला असतो. दुखणं झाकायची ही सवय कुणा एकाची नाही चिऊ, सगळ्यांचीच आहे. तू वर्षभर आपल्याच माणसांपासून झाकलंस. पाण्याचा पेला उचलवत नव्हता, तरी फोनवर सगळं मस्त! का?"

"तुम्हाला काळजी नको म्हणून."

"खोटं. तू हरलेली दिसशील म्हणून. आणि आईंनी पुढे तेच केलं. तू आमच्यापासून लपलीस, आईंनी तुला शेजाऱ्यांपासून लपवलं. पण एक विचारू? तुझी नोकरी गेल्याचं कळल्यावर या घरातलं कोण तुला हसलं? तुझ्या दादाने एका शब्दाने टोमणा मारला? बाबांनी?"

हसलं कोण? कुणीच नाही. घरच्यांच्या प्रेमाला तिने महिनाभर नावं ठेवली होती, पण तिला नावं ठेवणारं तिथे कुणीच नव्हतं.

"नोकरी जाण्यात लाज नाही," वहिनी म्हणाली. "लाज आहे ती अशा वेळी माणसाला बसस्थानकावर बसावं लागतं याची. ती तुझी नाही, तिची नाही. आपल्या सगळ्यांची आहे."

त्याच संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. काकू लेकीला दंडाला धरूनच घेऊन आल्या होत्या. सव्वीस वर्षांची मुलगी शाळेतल्या पोरीसारखी खाली मान घालून उभी होती.

"चिऊ मोकळी आहे का हो?" काकूंनी विचारलं. "हिला जरा दोन गोष्टी सांगेल. माझं ऐकत नाही, निदान मोठ्या पदावरच्या माणसाचं तरी ऐकेल!"

"अहो, आत्ता तिची मीटिंग..." आई म्हणायला लागली.

"मीटिंग नाहीये!"

चिऊ दारात उभी होती. पायांत अजून जोर नव्हता, म्हणून चौकट धरून. पण आवाज मात्र खणखणीत होता.

"मीटिंग नाही, पद नाही आणि साहेबही नाही! काकू, माझी नोकरी गेली त्याला वर्ष होत आलं. दुकानच बंद पडलं. मी तिथे एकटी काविळीने पडले होते आणि बुलेट व्हॅनमध्ये घालून मला घेऊन आली. घरातली माणसं मला बसून खायला घालतायत. हे आहे माझं मोठं पद!"

बाबांच्या हातात उघडलेला टेबललॅम्प होता, तो तसाच राहिला. आई मटकन खुर्चीत बसली.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही मला..." काकूंचा चेहरा लाल झाला. "आणि मी वेडी हिला रोज तुझं उदाहरण देतेय!"

"म्हणूनच सांगतेय, काकू. नका देऊ."

तेवढ्यात ती मुलगी बोलली. इतक्या हळू, की सगळ्यांना वाकून ऐकावं लागलं.

"आई, माझीपण गेली."

"काय गेलं?"

"नोकरी. दोन महिने झाले."

काकूंचा हात वर गेला. उगारलेला हात क्षणभर तसाच थांबला, मग हळूहळू खाली आला आणि लेकीच्या खांद्यावर विसावला.

"अगं, पण तू तर रोज डबा घेऊन जायचीस! मग जेवायचीस कुठे?"

"बसस्थानकावर."

"उन्हात?" काकूंना रडू फुटलं. "एकटीच बसून जेवायचीस? आणि संध्याकाळी तू आल्या आल्या मी तुझ्यावरच ओरडत होते गं!"

नोकरीचं त्यांनी नंतर विचारलं. आधी विचारलं ते उन्हाचं. चिऊने हे पाहिलं आणि तिचेही डोळे भरून आले. आपण वर्षभर ज्याची भीती बाळगली, ते असं होतं तर! आईला लेक हरल्याचं दुःख नसतं, लेक उन्हात एकटी बसल्याचं असतं!

काकू आणि त्यांची लेक गेल्यावर आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "माझं चुकलं. पण मला वाटलं, लोक माझ्या लेकीला बिचारी म्हणतील."

"म्हणू दे ना गं," चिऊ तिच्याजवळ बसत म्हणाली. "बिचारीच तर झाले होते मी. ते आधी तुला सांगितलं असतं, तर एवढी झाले नसते."

मग तिने स्वतःच आईचा हात उचलला आणि आपल्या कपाळावर ठेवला.

पुढे काही चमत्कार घडला नाही. खालचे गृहस्थ भाच्याचा अर्ज परत घेऊन गेले आणि दोन दिवस जिन्यात तोंड फिरवून चालले. कुणीकुणी कुजबुजलंही. पण कुजबुजीने आपलं काही बिघडत नाही, हे चिऊला कळून चुकलं. उलट खरं कळल्यावरच मदत करणारे पुढे आले. शाळेच्या व्हॅनवाल्यांना हिशेब बघणारं कुणीतरी हवंच होतं. बुलेटने काकूंच्या लेकीला तिथे नेऊन उभं केलं. काम अर्ध्या दिवसाचं, पण सुरुवात झाली. दादाच्या ओळखीच्या एका सुताराला गिऱ्हाइकांशी बोलणारं माणूस पाहिजे होतं. चिऊ अंगात ताकद येताच तिथे जाऊ लागली. तिथे तिला कुणी मॅडम म्हणत नव्हतं. घरी तर नाहीच नाही.

दादावहिनीला तिने त्यांची खोली परत दिली. बाहेरच्या खोलीत झोपायला लागली आणि बाबांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेऊन पंख्यासाठी रीतसर कारागीर बोलावला. बाबा रुसले. घरात पुन्हा वादावादी झाली, पुन्हा सगळे एकदम बोलले आणि चिऊ पुन्हा वैतागली. पण आता त्या वैतागात तिला ऊबही जाणवत होती.

मित्रहो, आपल्या ओळखीच्या एखाद्या घरी कुणी नुकतंच परत आलं असेल. हातची नोकरी गेलेलं, आजारी, थकलेलं. त्याला कसली मोठी गोष्ट सांगायला जाऊ नका. दुसऱ्याच्या यशाचं उदाहरण तर मुळीच देऊ नका, ते खरं आहे की नाही हे तुम्हालाही ठाऊक नसतं. आणि परत येणारे तुम्ही स्वतः असाल, तर आपल्या माणसांना खरं काय ते सांगा. ती ओरडतील, रडतील, तुमच्या कपाळाला सतरा वेळा हात लावतील, तुम्हाला नको नको करून सोडतील. पण संकटात परत येण्यात हार नसते. हार असते ती आपली माणसं असताना एकट्याने सोसत राहण्यात!