असे वाचावे

इंदापूर तालुक्यात वरकुटे दोन हायेत. एक खुर्द, एक बुद्रुक. शेंबडं पोरगंबी सांगंल. विद्यापीठाला तेवढं म्हाईत न्हाय, आन् त्यापायी माझं वाटोळं झालं.

मी आसिया मुलाणी, जळोचीत अंगणवाडी सेविका. पोरांची नाकं पुसण्यापासनं वजनं घेण्यापर्यंत सगळं मी करते, आन् पर्यवेक्षिका बाई गाडीवरनं उतरून मलाच विचारत्यात, हा रकाना मोकळा का? म्हणलं, एकदा आपणबी त्या खुर्चीवर बसून बघू. ती जागा सेविकांमधनंच भरत्यात, पण पदवी पायजे आन् वय पंचेचाळीसच्या आत पायजे. भरती मार्चात निघणार व्हती आन् मार्चच्या शेवटालाच मला पंचेचाळीस पुरी व्हणार व्हती. पदवीचा एकच पेपर ऱ्हायला व्हता, अर्थशास्त्राचा, डिसेंबरात. त्याच्या फुडची परीक्षा थेट मे म्हयन्यात. म्हंजे डिसेंबर चुकला की सगळंच चुकलं.

आमचा अभ्यासक्रम बहिःस्थ. माझ्या सासूबाईंनी, शमशादबींनी, एकदा विचारलं, "बहिःस्थ म्हंजे काय गं?" म्हणलं, भाईरनं शिकणारी. तर म्हणाल्या, "मग भाईरच ठेवत्याल तुला." तवा मला त्यांचा लई राग आला व्हता.

पेपर सोमवारी. शनिवारी सांजच्याला मोबाईलवर सूचना आली: "प्रशासकीय कारणास्तव परीक्षा केंद्र बारामतीऐवजी वरकुटे, ता. इंदापूर येथील विद्यालय असे राहील." प्रशासकीय कारण काय, तर सोमवारीच बारामतीच्या हॉलात विद्यापीठाच्या मोठ्या साहेबांचा सत्कार ठेवला व्हता. साहेबांच्या नारळाला जागा पायजे, म्हणून पेपरवाल्यांनी गाव सोडायचं.

मी लगोलग बारामतीच्या उपकेंद्रात फोन लावला. कोण तरी क्लार्क व्हता.

"साहेब, वरकुटे खुर्द का बुद्रुक?"

"ताई, सूचनेत जे आहे तेच."

"सूचनेत नुसतं वरकुटे हाय. शाळा दोन्हीकडं हाय."

"मग सूचना नीट वाचा," म्हणाला आन् फोन ठेवला.

परत लावला तर उचलला न्हाय. रविवारी सकाळी मी सोता उपकेंद्रात गेले, तर दाराला कुलूप. वॉचमन म्हणाला, सुट्टी हाय, साहेबलोक उद्या सत्कारालाच येत्याल. नीट वाचा म्हणं. वाचून वाचून खुर्दाचं बुद्रुक व्हतं का?

आमचं मालक, रमजान, रसवंती चालवत्यात. त्यांनी सोमवारी रसवंती बंद ठेवली. आदी खुर्द गाठू, तितं नसंल तर बुद्रुकाला जाऊ, असं ठरवून आमी चांगलं येरवाळी निघालो. खुर्दाला पोचलो तर शाळंत पोरं कवायत करीत व्हती. मास्तर म्हणालं, "हितं कसली परीक्षा?" फाटकापाशी आमच्यासारखीच पाचसहा जणं हॉलतिकीट धरून हुबी. लासुर्ण्याची स्वरूपा तर तान्हं लेकरू घेऊन आलेली. तिचं तोंड बघून मला माझं इसारलं.

तितनं सगळी बुद्रुकाकडं पळालो. मधी उसाची ट्रॉली पलटी झालेली, सगळा रस्ता उसानं भरलेला. मालकांनी गाडी बांधावरनं घातली, दोनदा मला उतरवून ढकलायला लावली. पोचलो तवा पेपर सुरू हून अर्ध्या तासाच्या वर जरासंच झालं व्हतं.

केंद्रप्रमुख विजयसिंह सर दारातच आडवं झालं. "अर्ध्या तासानंतर प्रवेश नाही ताई. नियम आहे."

"सर, नियम तुमचा. पण चूक कुणाची?"

"ते मी ठरवू शकत नाही. तुम्ही लेखी तक्रार करा."

माणूस वाईट नव्हता, खरं सांगते. माझ्याकडं बघायचंबी टाळत व्हता. त्यांच्या खांद्यावरनं मला आतला बाक दिसत व्हता. खडूनं माझा नंबर घातलेला आन् बाक रिकामा. मला तितंच रडू फुटलं, आन् परक्या लोकांत रडू फुटलं म्हणून आणिकच संताप आला. स्वरूपा पायरीवर बसून लेकराला पाजत व्हती.

दुसऱ्या दिशी उपकेंद्रात अर्ज घेऊन गेले. तितल्या राजलक्ष्मी मॅडम गोड बोलत्यात. चा पाजला. हॉलात कालच्या सत्काराची फुलं अजून पडलेली.

"आम्ही तुमचा अर्ज वर पाठवतो," मॅडम म्हणाल्या.

"वर म्हंजे कुठं?"

"सक्षम प्राधिकाऱ्यांकडे."

"सक्षम वर बसल्यात व्हय? मग हितं खाली कोण बसलंय?"

मॅडम हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करते.

जानेवारीत निकाल लागला. अर्थशास्त्राच्या फुडं 'गैरहजर'. त्याच दिशी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शुद्धिपत्रक दिसलं: "परीक्षा केंद्राच्या सूचनेत 'वरकुटे' ऐवजी 'वरकुटे बुद्रुक' असे वाचावे. संकेतस्थळ वेळोवेळी पाहणे ही विद्यार्थ्यांची जबाबदारी राहील." आन् खाली तारीख? पेपरच्या आदल्या दिसाची. त्या रविवारची. ज्या रविवारी मी त्यांच्या दाराचं कुलूप हातानं हलवून आले व्हते, त्या रविवारी म्हणं ह्यांनी शुद्धिपत्रक काढलं. बैल गेला न् झोपा केला, असं आपण म्हणतो. ह्यांनी बैल गेल्यावर झोपा केला आन् बैल जायच्या आदीच केला व्हता असं लिहून दिलं. म्हंजे आता दोष बैलाचा.

मी आणिक दोन अर्ज केलं. दोन्हीची 'नोंद घेण्यात आली'.

मार्च उजाडला. उपकेंद्रातनं फोन आला, तोच क्लार्क, पर आता आवाजात मध. "आसियाताई, महिला दिनाला तुमचा सत्कार ठेवलाय. यायचं बरं का." कशाचा सत्कार, तर त्येला नीट सांगता येईना, यादी वरनं आलीया म्हणाला. मालक म्हणालं, जाऊ नगं, थोबाड बघू नगं त्यांचं. सासूबाई म्हणाल्या, "जा की. आत घेत्यात तर आत जाऊन ये एकदा."

गेले. त्योच हॉल, साहेबांच्या सत्काराचा. सूत्रसंचालन करणारा पोरगा लई नटून बोलत व्हता. माझा नंबर आल्यावर म्हणाला, "संसार आणि अंगणवाडी सांभाळून जिद्दीनं आपल्या विद्यापीठाची पदवी संपादन करणाऱ्या, पदवीधर आसियाताई मुलाणी!" राजलक्ष्मी मॅडमनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. त्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांना खरंच काय आठवत नव्हतं. चा पाजलेला, अर्ज घेतलेला, कायच न्हाय. मला वाटलं व्हतं ह्या लोकांनी माझं वाईट केलं. वाईट करायला निदान माणूस ध्यानात तरी ठेवावा लागतो.

"दोन शब्द बोला ना," मॅडम म्हणाल्या.

मी माईक धरला.

"एक शुद्धिपत्रक हाय," मी म्हणाले. "आत्ताच्या घोषणेत 'पदवीधर' ऐवजी 'गैरहजर' असे वाचावे."

मागल्या रांगंत कुणीतरी टाळी वाजवली, मग दुसऱ्यानं, मग सगळ्या हॉलानं. सूत्रसंचालकानं माईक काढून घेतला आन् म्हणाला, "किती हा नम्रपणा! धन्यवाद ताई." फुडचं नाव पुकारलं. दुसऱ्या दिशी संकेतस्थळावर माझा शालीतला फोटू आला. खाली लिहिलेलं, सत्कारमूर्ती आसिया मुलाणी यांनी विद्यापीठाचे ऋण व्यक्त केले.

शाल सासूबाई पांघरत्यात. नारळ फोडून अंगणवाडीतल्या पोरांना वाटला.

भरतीचा फॉर्म निघाला आन् त्याची मुदतबी गेली. मागल्या हप्त्यात मला पंचेचाळीस पुरी झाली. मालक म्हणत्यात, मे म्हयन्यात पेपर देऊन टाक. देणार हाय. पासबी व्हईन, पदवीबी मिळंल. पर माझ्या वयाफुडं 'पंचेचाळीस ऐवजी चव्वेचाळीस असे वाचावे' म्हणून लिहून देणारा सक्षम प्राधिकारी कुठं बसतो, ते मला अजून कुणी सांगितलं न्हाय.