नऊ पेन्यांतली हलकी

मी एक जुनी पेनी आहे. मित्रांनो, जवळ येऊ नका. माणसाच्या बोटांचा मला अजून राग येतो.

टांकसाळीतून निघाले तेव्हा मी चांगली वजनदार होते. हॅलिफॅक्सच्या बसगाड्यांत आणि पावाच्या दुकानांत माझे बरे चालले होते. मग मी अ‍ॅक्रॉइड मास्तरांच्या तावडीत सापडले. त्यांनी कानशीने माझी पाठ खरवडून मला हलके केले आणि आठ धडधाकट पेन्यांत बसवले. कोणी डोळ्यांनी ओळखू नये म्हणून आम्हा नऊजणींनाही खाकी कागदात गुंडाळले. माझ्या कागदावर मात्र त्यांच्यापुरता पेन्सिलीचा बारीक ठिपका होता. कोडे असे, की तराजू दोनदाच वापरून हलकी पेनी शोधायची. मी सापडले की पोरे "खोटी सापडली!" म्हणून बाके बडवत. मला खोटी केली कोणी, हे एकानेही विचारले नाही.

त्या वर्षी मोठ्या शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी एकच नाव जायचे होते, आणि ते मास्तर याच कोड्यावरून ठरवणार होते. डॉक्टरांच्या रोलंडने मला आठवड्यापूर्वीच पकडले होते. एनिड ग्रीनवुड राहिली होती. तिचे वडील गालिच्यांच्या गिरणीत होते. नाव गेले नाही तर तिलाही तिथेच जावे लागणार होते, आणि पोरगी हुशार होती.

नेमकी त्या सकाळी एक पेनी जमिनीच्या फळ्यांच्या फटीत गेली. मास्तरांनी घाईघाईने बसच्या सुट्ट्या पैशांतली एक गुंडाळून ठेवली. ती म्हाताऱ्या राणीच्या काळातली होती, हजारो खिशांत झिजून माझ्याइतकीच हलकी झालेली. ती तोलून बघायचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत.

एनिडने तीन पेन्या एका पारड्यात ठेवल्या, तीन दुसऱ्यात. मी डावीकडे होते, ती म्हातारी पेनी उजवीकडे. पारडी समान राहिली. मग तिने बाहेरच्या तिघींतल्या दोन तोलल्या. त्याही समान. तिने उरलेली उचलली.

"हीच का गं?" मास्तरांनी कुत्सितपणे विचारले. तिच्यावर ठिपका नव्हता.

एनिडने तराजू तिसऱ्यांदा वापरून ती त्या दोघींतल्या एकीसमोर टाकली. पुन्हा समान.

"दोनदाच म्हटलं होतं ना?"

"पण सर, हीसुद्धा तेवढीच भरतेय! हलकी एकतर कुठलीच नाही, नाहीतर एकीपेक्षा जास्त आहेत. कोडंच चुकलंय."

"माझं कोडं चुकलंय? गिरणीवाल्याची पोर आता मला शिकवणार? चल, हो बाहेर!"

"सर, हिला हिशोब येत नाही, भांडता तेवढं येतं," रोलंड म्हणाला. वर्ग खिदळला. एनिड रडली नाही. दाराशी वळून म्हणाली, "तुम्हीच तोलून बघा."

वर्ग रिकामा झाल्यावर मास्तरांनी खरेच तोलले. सगळे कागद सोलून त्यांनी मला आणि म्हातारीला समोरासमोर ठेवले. काटा हलला नाही. त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी म्हातारी खिशात टाकली, अर्जावर रोलंडचे नाव लिहिले आणि टोपी घालून घरी गेले. असा माणूस वर्षानुवर्षे मला हाताळत होता.

आत्मवृत्त सांगणाऱ्याने शेवटी "माझी निगा राखा" म्हणायचे असते. मला तुमची निगा नको, मखमली डबीही नको. मित्रांनो, एवढेच करा. एनिड ग्रीनवुड कुठे भेटली तर तिला सांगा, की तिचे बरोबर होते आणि मास्तरांना ते त्याच दुपारी कळले होते.